मदत हवी आहे: दिवाळी अंकाचा कानबान बोर्ड 'प्रूफ'मध्ये तुंबलाय, दुसरं ॲप सुचवा

शाईदौत
आमच्या दिवाळी अंकाचं काम यंदा वहीतून काढून ट्रेलोवर घेतलं. एका लेखाला एक कार्ड, काम पुढे गेलं की कार्ड पुढच्या रकान्यात, हाच आमचा कानबान बोर्ड. रकाने नेहमीचेच. सुरुवातीला छान चाललं होतं. आता सगळी कार्डं 'प्रूफ'मध्ये जाऊन बसली आहेत, पुढे सरकतच नाहीत. कुठला लेख कुणाकडे आहे हे विचारायला परत फोनच करावे लागतात, मग बोर्ड कशासाठी? गणपती तोंडावर आलेत, एकदा बसले की दहा दिवस कुणी हाताला लागत नाही. फुकट आणि चांगलं असं दुसरं ॲप सांगा. उद्या सकाळी बैठक आहे, आज उत्तर मिळालं तर फार बरं होईल.

सदाशिवपेठी
नेहमीचे म्हणजे कुठले रकाने? माणसं किती? फोनवर बघता की संगणकावर? हे कळल्याशिवाय ॲप कसं सुचवणार?

रानजाई
नोशन घ्या, डोळे झाकून. तीच माहिती बोर्ड म्हणून बघा, तक्ता म्हणून बघा, कॅलेंडरवर बघा. मी घराच्या नूतनीकरणाचं सगळं काम त्यावर केलं, अगदी फरशीवाल्याच्या बिलांसकट.

सदाशिवपेठी
रानजाई, घराचं काम तुम्ही एकट्या बघत होतात. इथे लेखक, संपादक, डीटीपीवाले (संगणकावर मजकूर जुळवणारे) असे सगळे आहेत. नोशन शिकवण्यातच दिवाळी उजाडेल.

दहिसरकर
लेख यूनिकोडमध्ये येतात ना? श्रीलिपीसारख्या जुन्या, यूनिकोड नसलेल्या फाँटमधले लेख रूपांतर करून घेतले की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो आणि निम्मी प्रुफं त्यातच जातात. पानं लावता त्या इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (मराठीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) लावलाय का ते आधी बघा.

शाईदौत
@दहिसरकर, सगळं यूनिकोडच आहे, तो त्रास नाही.
@सदाशिवपेठी, रकाने असे: मागवले, आले, संपादन, डीटीपी, प्रूफ, मांडणी, तयार. आम्ही सात जण, बहुतेक फोनवरच बघतात. ॲपचं सांगा ना कुणीतरी.

बेरीज_वजाबाकी
प्रूफमध्ये आत्ता किती कार्डं आहेत, आणि आठवड्याला किती बाहेर पडतात?

शाईदौत
आत २६ आहेत. आठवड्याला पाचेक निघत असतील. मुद्रितशोधक एकच आहेत, ज्येष्ठ आहेत, फार बारकाईने बघतात. त्यांना आम्ही प्रिंट काढून पाठवतो, ते बोर्डवर नाहीत.

बेरीज_वजाबाकी
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. २६ भागिले ५ म्हणजे पाच आठवड्यांहून जास्त. आज प्रूफला टाकलेला लेख सरासरी पाच आठवड्यांनी बाहेर येणार. याला लिटलचा नियम म्हणतात, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. रांगेतली सरासरी संख्या भागिले बाहेर पडण्याचा वेग, की सरासरी मुक्काम मिळतो. ट्रेलोवर असा, नोशनवर असा, नाहीतर भिंतीवर चिठ्ठ्या लावा, हा भागाकार तोच राहतो. एकतर २६ कमी करा, नाहीतर ५ वाढवा.

टोरांटोकर
अगदी बरोबर. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच रोज बघतो. कानबानचा जीव मर्यादेत असतो, रकान्यांत नाही. टोयोटात ताईइची ओनो यांनी ही पद्धत बसवली तेव्हा अमेरिकेतल्या सुपरमार्केटची मांडणी त्यांच्या डोळ्यांसमोर होती: गिऱ्हाइकाने जेवढं उचललं तेवढंच फळीवर परत भरायचं. कारखान्यातलं कार्ड ही पुढच्याने मागच्याला दिलेली मागणी असते. तुमच्याकडे उलट चाललंय. डीटीपी झालं की लेख प्रूफमध्ये ढकलला जातो, तिथे घ्यायला हात मोकळा आहे का हे कुणी बघत नाही. प्रूफवर ६ची मर्यादा घाला. ट्रेलोत लिस्ट लिमिट्स नावाची पॉवर-अप (वरून जोडायची सोय) आहे, मर्यादा ओलांडली की रकान्याचा रंग बदलतो. कार्ड टाकायला ती अडवत नाही, ते माणसांनाच पाळावं लागतं.

सदाशिवपेठी
इतिहास चांगला आहे, पण लेख मोटारीचे सुटे भाग नव्हेत. मान्यवर लेखकाने कथा वेळेत दिली, तिला 'जागा नाही, थांबा' म्हणणार का? आणि मर्यादा घातली की डीटीपीवाला मोकळा बसेल, त्याचा पगार कोण देणार?

टोरांटोकर
कथा 'आले'मध्ये थांबेल, लेखकाला त्याचा पत्ताही लागणार नाही. आणि डीटीपीवाल्याने मोकळं बसू नये, प्रुफातल्या दुरुस्त्या कराव्यात. नवीन लेख लावत बसला की दुरुस्त्या मागे पडतात, तुमचा तुंबारा बहुधा तिथेच आहे.

काना_मात्रा
मी मुद्रितशोधन करते, म्हणून राहवत नाही. एकच 'प्रूफ' रकाना ठेवलात की सगळा उशीर तपासणाऱ्याच्या नावावर लागतो. प्रत्यक्षात काय होतं ते बघा. पहिलं प्रूफ माझ्याकडे येतं, मी समासात खुणा करून परत पाठवते. मग ते डीटीपीवाल्याच्या टेबलावर, कीबोर्डच्या बाजूला, इतर कागदांखाली पडून राहतं. दुरुस्त्या झाल्या की दुसरं प्रूफ येतं, त्यात पहिल्यातल्या चार खुणा राहिलेल्या असतात, म्हणून तिसरं. मध्येच लेखकाला शंका विचारलेली असते, त्यांचं उत्तर यायचं असतं. या सगळ्याला बोर्डवर एकच शब्द: प्रूफ! रकाना फोडा. 'तपासणीला', 'दुरुस्तीला', 'लेखकाकडे शंका'. ते ज्येष्ठ गृहस्थ बोर्डवर नसले तरी हरकत नाही. प्रिंट ज्याच्या हातून जाते आणि येते त्यानेच त्याच क्षणी कार्ड हलवायचं. आणि त्यांच्यावर खापर फोडण्याआधी २६ पैकी त्यांच्या टेबलावर खरंच किती आहेत ते मोजा.

रानजाई
नोशनमध्ये हे सगळं एका 'स्टेटस'मध्ये करता येतं.

शाईदौत
@काना_मात्रा, आत्ता फोन करून विचारलं. त्यांच्याकडे ७ आहेत. १४ दुरुस्तीला पडलेत, ५ लेखकांकडे. मला हे बोर्डवर दिसतच नव्हतं. धन्यवाद.

काना_मात्रा
म्हणजे दुसरा मुद्रितशोधक शोधू नका. दुरुस्त्यांना हात द्या.

दहिसरकर
लेखकाकडे पीडीएफ पाठवत असाल तर लक्षात ठेवा, ट्रेलोच्या फुकट योजनेत कार्डाला जोडलेल्या एका फाइलला १० एमबीची मर्यादा आहे. रेखाटनांसकट पानं त्यात बसत नाहीत. ड्राइव्हचा दुवा डकवा.

खिळेजुळारी
उशिरा आलो. माझी हयात छापखान्यात गेली, म्हणून दुसऱ्या टोकाकडून सांगतो. हे १४ कुठल्या क्रमाने उरकणार? जो आधी आला तो आधी? तसं करू नका. छापखाना लेख घेत नाही, फर्मा घेतो, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घालायची पानं. सोळा पानांच्या फर्म्यातला एक लेख अडला की बाकीची तयार पानंही अडतात. बाइंडिंग कुठलं आहे?

सदाशिवपेठी
अनुक्रम ठरला नाही तर फर्मा कसा ठरवायचा? संपादक अनुक्रमणिका शेवटच्या दिवशी बदलतात हे सगळ्यांना माहीत आहे.

खिळेजुळारी
सगळा अनुक्रम नका ठरवू, एक विभाग ठरवा. कथा एकामागोमाग येतात ना? तेवढ्या पक्क्या करा. पानं कमीजास्त झाली तर शेवटी एखादी कविता घालायची किंवा काढायची, आम्ही वर्षानुवर्षं हेच केलं.

शाईदौत
परफेक्ट बाइंडिंग आहे, कण्याला गोंदाने चिकटवलेलं. पण जाहिराती अजून येतायत, त्यांची पानं मध्येमध्ये लागतात. त्यांचं काय करू?

खिळेजुळारी
मग सोपं आहे. सेंटर पिन, म्हणजे मधोमध घडीवर मारलेली पिन असती तर पहिली आणि शेवटची पानं एकाच फर्म्यात आली असती आणि सगळंच शेवटपर्यंत लटकलं असतं. तुमचे फर्मे एकावर एक बसणार, म्हणून मधला कथांचा फर्मा आधी सुटू शकतो. त्यात फक्त पैसे आलेल्या जाहिराती घ्या, उरलेल्या शेवटच्या फर्म्यात. प्रत्येक कार्डाला फर्म्याचा रंग द्या, १४ मधली कथांची कार्डं वर ओढा, आणि डीटीपीवाल्याला सांगा की त्या रंगाचं दुरुस्तीला काही उरलं असेल तोवर नवीन लेख उघडायचा नाही.

टोरांटोकर
हीच ओढपद्धत: पुढच्याला लागेल तेवढंच मागून ओढायचं. @शाईदौत, 'दुरुस्तीला'वर ५ची मर्यादा ठेवा.

सदाशिवपेठी
आज तिथे १४ आहेत, ५ची मर्यादा पहिल्याच दिवशी मोडेल आणि मग कुणी पाळणार नाही. १४ लावा, दर दोन दिवसांनी दोनाने खाली आणा.

शाईदौत
हे पटलं. ट्रेलोच ठेवते. 'प्रूफ'चे तीन रकाने करते, दुरुस्तीवर १४, कथांच्या कार्डांना लाल रंग. लेखकांकडच्या पाच शंका आजच फोनवर सोडवते. प्रिंटची ने-आण आमचा एक मुलगा करतो, त्याला बोर्डवर घेते. एक राहिलं: मुखपृष्ठाचं कार्ड याच बोर्डवर ठेवू की वेगळं?

खिळेजुळारी
याच बोर्डवर, पण वेगळ्या रंगात. ते वेगळ्या कागदावर छापतं, लॅमिनेशनलाही वेळ लागतो. आणि कण्याची जाडी पानं किती आणि कागद कुठला यावर ठरते, तेव्हा एकूण पानं पक्की झाल्याशिवाय ते 'तयार'मध्ये नेऊ नका.