जाधवांच्या यादीत ‘रक्त’ कुठून आलं?

साताऱ्याचा: परवा इथे ‘जाधव आडनावाची रत्ने’ अशी यादी आली. सिंदखेडराजाचे लखुजी, सेनापती धनाजी, पैलवान खाशाबा, अर्थतज्ज्ञ नरेंद्र जाधव, क्रिकेटमधला केदार. इथवर ठीक. पण खाली ‘पराक्रम रक्तातच असावा लागतो’ हे वाचून डोकं फिरलं. १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला खाशाबांकडे पैसे नव्हते. गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. ते जाधव नव्हते! आणि रक्ताचाच हिशोब करायचा तर चंद्रसेन जाधव यादीत का नाहीत? धनाजींचे सख्खे चिरंजीव, तेही सेनापती, आणि संभाजीपुत्र शाहू महाराजांना सोडून शेवटी निजामाकडे गेले.

देवगिरी: यादी मीच टाकली होती. धनाजी हे लखुजींच्याच घराण्यातले, हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत. घराण्याचा अभिमान बाळगणं गुन्हा आहे का? चंद्रसेनांचं म्हणाल तर बाळाजी विश्वनाथांशी हरणावरून पेटलेलं भांडण होतं ते. एका ओळीत गद्दार ठरवू नका.

साताऱ्याचा: गद्दार मी म्हटलेलंच नाही, शब्द तुमचा आहे. चांगले तेवढे रक्ताचे आणि अडचणीचे ते परिस्थितीचे, हे चालणार नाही.

कृष्णाकाठ: भांडताय कशावर! स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक देणाऱ्या माणसाला हयातीत ना पद्म, ना अर्जुन. १९८४ ला अपघातात गेले, अर्जुन मिळाला २००० साली. पदक घेऊन आले तेव्हा कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती, आमचे आजोबा त्या गर्दीत होते. म्हातारा मरेपर्यंत सांगायचा, ‘पोरगं खांद्यावर घेतलं लोकांनी, सरकारनं नाही.’ आजही तालमीतल्या पोरांना खुराकाला पैसे नाहीत. माझ्या पुतण्याने बदाम-दूध परवडेना म्हणून लंगोट खुंटीला टांगला. यावर धागा काढा.

देवगिरी: विषय भरकटवू नका.

कृष्णाकाठ: हाच विषय आहे. यादीत नाव घालायला सगळे पुढे, पैलवान जिवंत असताना कुणी नाही.

गोदाकाठची: मी माहेरची जाधव. पुण्यात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीणबाई अनामत रक्कम मोजता मोजता थांबल्या. ‘जाधव म्हणजे नेमके कुठले हो?’ बौद्ध म्हटल्यावर पैसे परत माझ्या हातात ठेवले आणि भाचा येणार असल्याचं आठवलं त्यांना. देवगिरी दादा, तुमच्या यादीतले नरेंद्र जाधव दलित घरातले आहेत. त्यांच्या वडिलांनी मुंबईत मजुरी करून मुलं शिकवली. त्यांना लखुजींच्या ओळीत बसवून ‘एक रक्त’ म्हणता, मग खोली देताना तेच रक्त वेगळं कसं होतं?

देवगिरी: ताई, तुम्हाला खोली मी नाकारली नव्हती.

गोदाकाठची: नव्हतीच. पण ‘कुठले’ हा प्रश्न तुम्ही कुणाला कधीच विचारला नाहीत, असं छातीवर हात ठेवून सांगा.

देवगिरी: ... लग्नाच्या वेळी सगळेच विचारतात. बरं, ती ‘रक्ता’ची ओळ काढतो. यादी मात्र राहील, आणि लखुजी पहिलेच राहतील.

साताऱ्याचा: राहू द्या. खाशाबांच्या नावापुढे खर्डेकरांचंही नाव लिहा.

कृष्णाकाठ: आणि पद्मचं? त्यावर अजून एकानेही उत्तर दिलेलं नाही.