पहिली दुचाकी: ४० हजारांची जुनी, की हप्त्यांवरची नवी?

घाटवळण

माझा भाचा साताऱ्याहून पुण्यात अभियांत्रिकी शिकायला आला असून आता वसतिगृह सोडून मित्रांबरोबर वारज्याला राहणार आहे. पक्का परवाना नुकताच हाती आला आहे. गाडी घ्यायची यावर घरात एकमत आहे, कोणती यावर नाही. दाजींच्या मते १०० सीसीची नवी गाडी कर्जावर घ्यावी आणि पुढे कटकट नको. माझे मत असे की पहिली गाडी जुनीच असावी, आणि दुरुस्ती, विमा व नावावर करण्याचा खर्च धरून ४० हजारांच्या आत असावी.

नवशिक्या चालकाच्या हाती गाडीचे हाल होतात, हे आपण सगळे जाणतो. अर्धा क्लच दाबून चढ चढणे, चुकीच्या गिअरमध्ये गाडी ओढणे, पार्किंगमध्ये आडवी पाडून आरसा आणि इंडिकेटर मोडणे हे पहिल्या वर्षात ठरलेलेच. शिवाय नवी गाडी शोरूमबाहेर पडताच तिची किंमत उतरू लागते, तर सहा-सात वर्षांची नीट राखलेली गाडी दोन वर्षे वापरून विकली तरी नुकसान थोडेच होते. विद्यार्थ्याच्या गाडीसाठी वडिलांनी तीन वर्षे हप्ते भरावेत, हे मला पटत नाही. खुलासा एवढाच की मी १०० ते १२५ सीसीच्या साध्या गाडीबद्दल बोलत आहे. चार मालकांच्या हातून गेलेल्या, सायलेन्सर बदललेल्या १५० किंवा २०० सीसीच्या गाडीबद्दल नव्हे. विरोधी मते जरूर मांडावीत.

ब्रेकवायर

विरोध नोंदवतो, आणि तो पैशांच्या मुद्द्यावर नाही. पोरगा पडणारच आहे, तेव्हा जुनी गाडी पडू दे, असा आपला युक्तिवाद दिसतो. परंतु पडते ती केवळ गाडी नव्हे. ज्याला अजून अंतराचा अंदाज नाही, जो घाबरला की मागचा ब्रेक पूर्ण ताकदीने दाबतो, त्यालाच सर्वांत चांगल्या ब्रेकची गरज असते. दहा वर्षे गाडी चालवणारा माणूस जुन्या ड्रम ब्रेकवरही निभावून नेईल.

१ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना सीबीएस आणि त्यावरच्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक झाले. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही काही प्रमाणात लागतो, त्यामुळे केवळ मागचे चाक घसरत जाण्याचा धोका कमी होतो. आपण म्हणता त्या रकमेत बाजारात दिसणाऱ्या बहुतेक गाड्या या तारखेच्या आधीच्या असतात. वारज्यातून महामार्गावर चढणाऱ्या मुलाला या सोयीविना पाठवून वाचवलेले पैसे हिशेबात कसे मांडायचे, हे आपणच सांगावे.

घाटवळण

मुद्दा रास्त आहे, पण त्याने दाजींची बाजू सिद्ध होत नाही. ते ज्या नव्या गाडीबद्दल बोलत आहेत तिलाही एबीएस नाही. दोन्ही चाकांना ड्रम आणि जोडीला सीबीएस, एवढेच तिच्यात मिळणार आहे. म्हणजे मे २०१९ ची जुनी आणि आजची नवी यांत ब्रेकच्या रचनेचा फरक फारसा उरत नाही. उरतो तो झिजलेल्या ब्रेक शूचा आणि कडक झालेल्या टायरचा, आणि ते काही हजारांत बदलता येतात. आपल्या म्हणण्यातून मी एवढे घेतो की एप्रिल २०१९ नंतरचीच गाडी पाहायची. मागणी कमी असलेले मॉडेल निवडले तर ती या रकमेत मिळू शकते. स्प्लेंडरच्या मागे लागलो तर मात्र मिळणार नाही, कारण त्या नावाला जुन्या बाजारात जो भाव येतो तो गाडीच्या अवस्थेकडे न पाहताच येतो.

पाना_दहा_बारा

मी गॅरेज चालवतो, त्यामुळे या वादात माझा स्वार्थ आहे असे समजूनच वाचावे. जुनी गाडी घेण्याला माझा विरोध नाही, पण ४० हजार घेऊन निघालेला माणूस ३९ हजारांची गाडी घेऊन येतो आणि मग माझ्याकडे उधारी मागतो, हे मी नेहमी पाहतो. गाडीला ३२-३३ हजारांवर जाऊ नये. चेन आणि स्प्रॉकेटचा संच, दोन्ही टायर, ब्रेक शू, बॅटरी आणि ऑइल एवढे काम जवळपास प्रत्येक जुन्या गाडीला निघते. नाना पेठेतून सामान आणून ओळखीच्या मिस्त्रीकडून बसवून घेतले तरी उरलेल्या पैशांतले बरेच त्यातच जातात.

गाडी पाहायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे की इंजिन सुरू करून ठेवू नका. गरम इंजिन अनेक दोष लपवते. थंड गाडी किती किकांत सुरू होते, सुरुवातीला टायमिंग चेन खडखडते का, आणि ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिल्यावर निळसर धूर येतो का, हे पाहावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे, आणि मग रिंग, पिस्टन, बोअर असे इंजिनकाम फार लांब नसते. मीटरवर विश्वास ठेवू नये. मीटर २० हजार किलोमीटर दाखवत असेल आणि फूटरेस्टचे रबर व गिअरचा दांडा गुळगुळीत झाला असेल, तर दांडा खरे बोलतो. मोठ्या स्टँडवर पुढचे चाक उचलून हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवावे. मधोमध अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग, गेलेला आहे. सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर चिमटा (पुढचे चाक धरणारा फोर्क) किंवा चासी (गाडीचा सांगाडा) वाकलेली असण्याची शक्यता असते, आणि अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. नक्षी चांगली दिसली तरी सात वर्षांचे रबर पावसात पकडत नाही.

आणखी एक. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळुणात पुराचे पाणी शिरले तेव्हा असंख्य दुचाकी बुडाल्या. धुऊन-पुसून त्या बाहेरून चकाचक दिसतात. सीट काढून वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर आहे का आणि हेडलाइटच्या काचेत आतून गाळाची रेघ आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे काढू नयेत. बुडालेल्या गाडीचे वायरिंग वर्ष-दीड वर्षाने त्रास देऊ लागते, आणि तोवर विकणारा फोन उचलत नाही.

सहीशिक्का

वरील प्रतिसाद उपयुक्त आहे, तरी यंत्रापेक्षा कागदांवर अधिक लोक फसतात असे मला वाटते. आपल्याकडे एक घातक रूढी आहे: मालक कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलण्याच्या नमुना २९ आणि ३० वर, सह्या करून देतो, आणि मग गाडी नावावर न होताच दोन-तीन हातांतून फिरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशाच एका प्रकरणात स्पष्ट केले की नोंदणी ज्याच्या नावावर आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, मग प्रत्यक्षात गाडी विकून किती काळ लोटला आहे हे गौण ठरते. यातून विकणाऱ्याने धडा घ्यायचा आहेच. पण घेणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की मधला माणूस जर नोंदणीकृत मालक नसेल, तर त्याच्याशी व्यवहार करण्यात अर्थ नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीची माहिती विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला द्यायची असते.

नोंदणीपत्रावर बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा बोजा आहे का, हे पाहावे; कर्ज फिटले असले तरी नमुना ३५ आणि ना-हरकत पत्राशिवाय बोजा उतरत नाही. थकलेली ई-चलने गाडीच्या क्रमांकावर तपासावीत. गोव्यातून किंवा कर्नाटकातून स्वस्तात आलेली गाडी असेल तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र आणि इथला वाहनकर धरून किंमत पुन्हा मोजावी.

घाटवळण यांना एक विशेष सूचना. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा त्रयस्थ विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा) सक्तीचा आहे. म्हणजे आपण शोधत असलेल्या २०१९ च्या गाडीचा तो विमा २०२४ मध्येच संपलेला आहे, आणि पाच वर्षे नूतनीकरणाची सवयच नसल्यामुळे पुष्कळ मालकांच्या ते ध्यानातही आलेले नाही. विम्याविना गाडी चाचणीसाठीसुद्धा रस्त्यावर काढू नये. एवढ्या सगळ्या बाबी एकोणीस वर्षांचा मुलगा एकटा तपासणार असेल, तर मी दाजींच्या बाजूने आहे.

रात्रपाळी

या चर्चेत गाडी बंद पडण्याबद्दल कोणीच बोलत नाही, याचे आश्चर्य वाटते. मी हिंजवडीत काम करते आणि पाळी रात्री सुटते. क्लचची तार तुटली किंवा बॅटरीने दगा दिला, तर त्या वेळी गॅरेज उघडे नसते, आणि गाडी ढकलत नेणे हा अनुभव मुलाला आणि मुलीला सारखाच येतो असे निदान मला तरी वाटत नाही. ज्याला यंत्रातले काही कळत नाही आणि ज्याला उशिरा घरी यावे लागते, त्याने हप्ते भरावेत आणि निर्धास्त राहावे. आपल्या भाच्याचे महाविद्यालय दिवसा भरते, त्यामुळे कदाचित त्याला जुनी चालेल. पण पहिली गाडी जुनीच असावी, असा सरसकट नियम करू नये.

चक्रवाढ

मला दोन्ही बाजूंत किमतीचा विचार अपुरा वाटतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या काही हजारांनी स्वस्त झाल्या. जुन्या गाड्या विकणारे मात्र आपण घेतली तेव्हाचा भाव मनात धरून बसलेले असतात. परिणामी चार-पाच वर्षांच्या गाडीला ५५-६० हजार मागितले जातात, आणि या पट्ट्यातली गाडी घेण्यासारखा तोट्याचा व्यवहार दुसरा नाही, कारण त्यात थोडीशी भर घातली की नवी येते. घ्यायची तर खरोखर स्वस्त घ्यावी. परंतु स्वस्ताच्या नादात पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावरचीही घेऊ नये: पुनर्नोंदणी पाचच वर्षांसाठी होते, तिचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झाले आहे, आणि पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो.

घाटवळण

रात्रपाळी यांचा आक्षेप मान्य आहे. मी माझे म्हणणे दिवसा, शहरात आणि जवळच्या अंतरावर गाडी चालवणाऱ्या विद्यार्थ्यापुरते मर्यादित करतो. साताऱ्यात बहिणीच्या शेजारी राहणारे एक निवृत्त शिक्षक त्यांची ऑगस्ट २०१९ ची १२५ सीसीची गाडी विकत आहेत. पहिलेच मालक, बोजा नाही, विमा मात्र सहीशिक्का म्हणतात तसा संपलेलाच आहे. ते ३८ हजार मागत आहेत. पाना_दहा_बारा यांच्या हिशेबाने ३३ च्या वर जायचे नाही, पण विकणारा माणूस ओळखीचा असणे याची किंमत पाच हजार धरता येईल का?

पाना_दहा_बारा

ओळखीची किंमत धरावी, पण दोन हजार. शिक्षकांच्या गाड्या नीट राखलेल्या असतात हे खरे, मात्र त्या उभ्याही फार असतात. टाकी आतून गंजली आहे का, हे झाकण उघडून टॉर्चने पाहावे. ही गाडी कार्ब्युरेटरची असणार. उभ्या गाडीत जुने पेट्रोल राहिले की जेट, म्हणजे त्यातली पेट्रोलची बारीक छिद्रे, बुजतात, तेव्हा कार्ब्युरेटर उघडून साफ करण्याचे आणि पेट्रोलचा पाइप बदलण्याचे पैसे वेगळे काढून ठेवावेत.

ब्रेकवायर

ऑगस्ट २०१९ ची असल्यामुळे माझा मुख्य आक्षेप गळून पडतो. तरीही एक अट सुचवतो: घासाघिशीत जे दोन-तीन हजार सुटतील ते आयएसआय चिन्ह असलेल्या, डोक्याला नीट बसणाऱ्या हेल्मेटवर खर्च व्हावेत आणि टायर बदलल्याशिवाय गाडी साताऱ्याहून पुण्याला चालवत आणू नये. खंबाटकी उतरताना सहा वर्षांच्या टायरची परीक्षा नवशिक्याने घेण्याचे कारण नाही. टेम्पोत टाकून आणावी.

सहीशिक्का

टेम्पोत टाकण्याआधी नमुना २९ आणि ३० वर तारखेसह सह्या घ्याव्यात, आणि भाच्याचा कायमचा पत्ता साताऱ्याचा असेल तर गाडी तिथल्याच आरटीओत नावावर करून घ्यावी. पुण्यात आणल्यावर करू म्हणणाऱ्यांच्या गाड्या वर्षानुवर्षे जुन्याच नावावर फिरत असतात.