व्यापारी लुटतो, मान्य. पण...
सरकारने शेतमालाच्या बाजारातून हात काढला तर व्यापारी शेतकऱ्याला उभा कापतील, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, ओलावा, माती दाखवून भाव पाडतात, ते डोळ्यादेखत चालतं. पण २०२१च्या ऑगस्टमध्ये, नवं सोयाबीन यायच्या तोंडावर, १२ लाख टन सोयापेंड (सोयाबीनचं तेल काढून उरलेली पेंड) आयातीला परवानगी कुणी दिली? डिसेंबरात सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, कुणी थांबवले? आडत्या (दलाल) पटला नाही तर माल दुसऱ्या दुकानी नेता येतो. दिल्लीच्या अधिसूचनेपासून पळणार कुठं? शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९९४ला स्वतंत्र भारत पक्ष काढला तो याच रागातून. (मतं पडली नाहीत, ते वेगळं.) हमीभावाची केंद्रं राहू द्या, माझी हरकत नाही, फक्त बारदाना (पोती) संपला म्हणून वजनकाटा बंद ठेवू नका.