विमान उतरलं, पुढे काय? विमानतळापासून दुसऱ्या गावापर्यंतचे अनुभव

परदेशी निघालेल्या माणसाला व्हिसा, विमा, बॅगेचं वजन यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. पण विमान उतरतं फ्रँकफर्टला आणि खोली घेतलेली असते कार्ल्सरूहला. उतरतं हीथ्रोला आणि कॉलेज असतं लीड्सला. त्या मधल्या टप्प्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. रात्रभराचं जागरण, दोन जड बॅगा, फोनमध्ये अजून तिथलं सिम नाही, आणि समोर फलाटांच्या अनोळखी पाट्या. अशा वेळी घाबरून टॅक्सी करणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि ते पैसे घरच्यांनी कसे जमवलेले असतात हेही मला माहीत आहे. म्हणून हा धागा. विमानतळावरून रेल्वे, बस, मेट्रो यांनी दुसऱ्या शहरात कसे पोचलात ते लिहा. तिकीट कसं काढलं, बॅगा कुठे ठेवल्या, रात्री गाडी होती का, सोबत वयस्कर माणसं असली तर त्यांना काय झेपलं, सगळं येऊ द्या. भाडी बदलत राहतात, त्यामुळे आकड्यांपेक्षा रीत सांगा.

सुरुवात मी करते.

फ्रँकफर्ट ते कार्ल्सरूह

फ्रँकफर्ट विमानतळाला दोन रेल्वे स्टेशनं आहेत, हे आधी डोक्यात पक्कं करा. एक टर्मिनल १ च्या खालीच, फलाट १ ते ३. तिथून एस-बान म्हणजे लोकल गाड्या एकीकडे फ्रँकफर्ट शहरात आणि दुसरीकडे माइन्झ, वीसबाडेनला जातात. दुसरं लांब पल्ल्याच्या गाड्यांचं, १९९९ साली सुरू झालेलं, फलाट ४ ते ७. टर्मिनल १ मधूनच आतल्या आत चालत तिथे पोचता येतं. मानहाइम, कार्ल्सरूह, श्टुटगार्ट, कोलोन इथे जाणाऱ्या आयसीई, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या, या दुसऱ्या स्टेशनातून मिळतात, त्यासाठी शहरात जाऊन परत यायची गरज नाही. कोलोनचा मार्ग तर २००२ मध्ये खास वेगवान गाड्यांसाठी बांधला, ताशी ३०० किलोमीटरने गाडी जाते आणि तासाभरात कोलोन येतं.

तिकिटं मुख्यतः दोन प्रकारची. स्वस्त तिकीट त्याच एका गाडीला बांधलेलं असतं. महागातलं तिकीट त्या दिवशीच्या त्या मार्गावरच्या कुठल्याही गाडीला चालतं. विमानाला उशीर झाला आणि तुमची गाडी निघून गेली, तर वेगळं काढलेलं स्वस्त तिकीट वाया जातं. माझं विमान मुंबईहूनच उशिरा निघालं होतं. मी लवचीक तिकीट काढलेलं असल्यामुळे नुसती पुढच्या गाडीत जाऊन बसले. पहिल्या प्रवासाला हे जास्तीचे युरो जरूर खर्च करा, असं मी प्रत्येकाला सांगते. स्वस्तच हवं असेल तर विमान उतरायची वेळ आणि गाडी यांत किमान तीन तास ठेवा. इमिग्रेशनच्या रांगेचा काही भरवसा नसतो.

आणखी एक. तिथे तिकीट म्हणजे आसन नव्हे. आसनाचं आरक्षण वेगळे पैसे भरून करायचं. ते नसलं तरी गाडीत चढता येतं, रिकाम्या जागी बसता येतं, पण रविवारी संध्याकाळी उभं राहायची तयारी ठेवा. आरक्षण असेल तर डबा फलाटाच्या कुठल्या भागात येणार ते अक्षरांनी लिहिलेलं असतं. त्या अक्षराखाली जाऊन थांबा, कारण गाडी थोडाच वेळ थांबते आणि बॅगा घेऊन चार डबे ओलांडणं कठीण जातं. महिन्याचा पास म्हणून जे डॉइचलांड-तिकीट मिळतं ते आयसीईत चालत नाही, फक्त लोकल आणि प्रादेशिक गाड्यांत चालतं.

कोपनहेगन ते लुंड

मी स्वीडनमध्ये लुंडला शिकतो. इथे येणारे बहुतेकजण विमानाने डेन्मार्कच्या कोपनहेगनला उतरतात, कारण स्टॉकहोम फार लांब पडतं. म्हणजे विमानतळ एका देशात आणि वसतिगृह दुसऱ्या देशात! आईला हे फोनवर समजावताना बराच वेळ गेला होता.

प्रत्यक्षात रस्ता अगदी सरळ आहे. टर्मिनल ३ च्या खालीच रेल्वे स्टेशन. तिथून ओरेसुंड गाडीने माल्मो आणि पुढे लुंड, पाऊण तासाच्या आत. फक्त दिशा बघायची: एका बाजूच्या गाड्या कोपनहेगन शहरात जातात, दुसऱ्या बाजूच्या स्वीडनला. गाडी आधी समुद्राखालच्या बोगद्यातून जाते, मग एका कृत्रिम बेटावर वर येते आणि तिथून जवळजवळ आठ किलोमीटरच्या पुलावरून समुद्र ओलांडते. हा पूल २००० साली खुला झाला. मी खिडकीला नाक लावून बसलो होतो. रत्नागिरीचा असल्यामुळे समुद्र नवा नव्हता, पण समुद्रावरून रेल्वेने असं जाणं नवं होतं.

पूल उतरल्यावर पहिलं स्टेशन हिलिये. तिथे स्वीडनचे पोलीस गाडीत येऊन कागद बघू शकतात. पासपोर्ट आणि निवास-परवाना मोठ्या बॅगेत खाली दाबून ठेवू नका, अंगावरच्या पिशवीत ठेवा. डेन्मार्कचा क्रोन वेगळा आणि स्वीडनचा वेगळा, पण कार्डाने सगळं भागतं. रोख बदलून घ्यायच्या भानगडीत पडू नका.

स्खिपोल ते आइंडहोवन, वय वर्षे सत्तरच्या घरात

आमची लेक आणि जावई आइंडहोवनला असतात. दोघांनाही त्या दिवशी सुट्टी मिळणार नव्हती, तेव्हा आम्ही दोघांनीच ट्रेनने जायचं ठरवलं. माझ्या बरोबरीच्या बायकांना सांगते, हे जमतं. ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाचं स्टेशन अगदी पायाखाली आहे. सामान घेऊन बाहेर आलं की मोठा चौक लागतो, तिथूनच खाली फलाटावर जायचं. सामानाच्या गाडीवरून बॅगा उतरवायच्या आणि लिफ्टने खाली. आइंडहोवनला थेट इंटरसिटी मिळते, वाटेत उट्रेख्त लागतं, दीड तासाच्या आसपास प्रवास.

तिकीट काढावं लागलं नाही. फाटकावर बँकेचं कार्ड टेकवायचं, आणि उतरल्यावर तेच कार्ड पुन्हा टेकवायचं. मात्र माणशी एक कार्ड लागतं. यांचं कार्ड दोनदा टेकवून दोघांना जाता येत नाही. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर आणि कार्ड यंत्रात न घालता नुसतं टेकवून पैसे देण्याची सोय, दोन्ही आपल्याला स्वतः चालू करावी लागतात. जावयांनी ते आम्हाला सातारला असतानाच करायला लावलं होतं, म्हणून काही अडलं नाही.

गाडी दुमजली निघाली. डब्यात शिरलं की पायऱ्या, एक जिना वर आणि एक खाली. आम्ही दोन्ही टाळले. दाराजवळच्या मोकळ्या जागेत घडीच्या खुर्च्या असतात, तिथेच बॅगांशेजारी बसलो. एका कॉलेजातल्या मुलाने न सांगता बॅग चढवून दिली. काही डब्यांच्या काचेवर शांततेची खूण असते, तिथे फोनवर मोठ्याने बोलायचं नाही. लेकीला 'पोचतोय' हे सांगायला हे उठून दाराकडे आले.

हीथ्रो ते लीड्स : विचारणा

मुलगा सप्टेंबरमध्ये लीड्सला चालला आहे. हीथ्रोला दुपारी उतरतो. बस बरी की रेल्वे? सामान तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा.

*दादा, याचं उत्तर मी देतो, मी तिथेच शिकलो.* लीड्सच्या गाड्या लंडनच्या किंग्ज क्रॉसहून सुटतात, सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. हीथ्रोहून लंडनच्या भुयारी मेट्रोची पिकॅडिली लाइन थेट किंग्ज क्रॉसला नेते, गाडी बदलायची नाही. तासभर लागतो, पण सगळ्यांत स्वस्त तीच, आणि विमानतळावर व किंग्ज क्रॉसला लिफ्ट आहेत. दोन बॅगावाल्याला हे फार महत्त्वाचं. २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन वेगवान आणि ऐसपैस आहे, पण भाडं जास्त आणि फॅरिंग्डनला बदलावं लागतं. हीथ्रोहून लांबच्या बसही सुटतात, बॅगा पोटात टाकून निवांत झोपता येतं, पण लीड्सला फार वेळ लागतो. मुलाला १६ ते २५ वयाचं रेलकार्ड आधीच ऑनलाइन काढायला सांगा, भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. वय जास्त असलं तरी पूर्णवेळ विद्यार्थ्याला ते मिळतं. आणि वर ताईंनी जर्मनीचं लिहिलं तेच इथेही: आगाऊ काढलेलं स्वस्त तिकीट त्याच गाडीचं असतं.

*याला जोडून :* कुणाला ब्रिस्टल, कार्डिफ, एक्सेटरकडे जायचं असेल तर लंडन शहरात शिरूच नका. हीथ्रोहून रेडिंग स्टेशनपर्यंत खास बस आहे, तिथून पश्चिमेच्या गाड्या मिळतात. मी कार्डिफला नेहमी अशीच जाते.

डब्लिन ते गॉलवे

डब्लिन विमानतळाला रेल्वेच नाही, शोधत बसू नका. बाहेर बसथांब्यांवरून गॉलवेला थेट बस सुटतात, अडीच ते तीन तास, रात्री उशिराही मिळतात. सीट ऑनलाइन आरक्षित करा. मी कोल्हापूरची, इथे नर्स आहे. आमच्या गटातल्या नव्या मुलींना मी एवढंच सांगते की बॅग बसच्या पोटात जाते, तेव्हा स्वेटर, रेनकोट आणि नोकरीची कागदपत्रं हातातल्या पिशवीत ठेवा. उतराल तेव्हा पाऊस असणारच.

हानेदा ते क्योटो

तोक्योला दोन विमानतळ आहेत. क्योटोला जायचं असेल आणि निवड हातात असेल तर हानेदा घ्या, नारिता शहरापासून बरंच लांब आहे. हानेदाहून केइक्यू लाइनने शिनागावा, वीसेक मिनिटं, आणि शिनागावालाच शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, थांबते. नोझोमी गाडी तिथून दोन तासांहून थोड्या जास्त वेळात क्योटोला पोचवते.

बॅगेचा नियम मात्र कडक आहे. लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १६० सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर बॅगेच्या जागेसह आसन आधी आरक्षित करावं लागतं. हा नियम २०२० पासून आहे. आपल्याकडच्या सगळ्यांत मोठ्या बॅगा बऱ्याचदा यात बसत नाहीत, निघण्याआधी टेपने मोजा. याहून सुंदर सोय म्हणजे विमानतळावरच्या काउंटरवर बॅग देऊन टाकायची, साधारण दुसऱ्या दिवशी ती हॉटेलात येते. आम्ही पाठीवरच्या सॅकेत एका रात्रीचे कपडे घेतले आणि मोकळ्या हाताने निघालो. माझ्या मते जपानमधला प्रवास असाच करावा.

रेल्वे पास घ्यावा का, असं सगळे विचारतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनांवरून ५०,००० येनांवर गेला. तोक्यो ते क्योटो आणि परत एवढंच असेल तर सुटी तिकिटं स्वस्त पडतात. मध्यरात्र ते सकाळी सहा शिंकान्सेन धावत नाही, त्यामुळे रात्री उशिरा उतरणाऱ्यांनी तोक्योतच मुक्काम धरा. आणि जाताना उजव्या बाजूची, ई अक्षराची खिडकी मागा. आभाळ स्वच्छ असेल तर फुजी दिसतो. आम्हाला दिसला, आणि शेजारच्या जपानी आजींनी आमच्याइतक्याच आनंदाने बोट दाखवलं.

दुबई ते अबुधाबी

टर्मिनल १ आणि ३ ला मेट्रोची रेड लाइन आहे, टर्मिनल २ ला नाही. नोल कार्ड (मेट्रो-बसचं पैसे भरून वापरायचं कार्ड) घेऊन इब्न बतूता स्टेशनपर्यंत जा, तिथून ई१०१ बस अबुधाबीला. एक्स्पोकडे जाणारी मेट्रो जबल अलीपासून वेगळी होते आणि इब्न बतूता त्या फाट्यावर नाही, तेव्हा तिच्यात बसलात तर जबल अलीला उतरून बदला. बसचं भाडं त्याच कार्डातून जातं, पुरेसे पैसे भरून ठेवा. मेट्रो रात्रभर नसते.

नेवार्क ते एडिसन

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास आपली एवढी माणसं राहतात, तरी सगळे गाडी घेऊन न्यायला येतात. एअरट्रेनने, म्हणजे विमानतळाच्या आतल्या गाडीने, नेवार्क विमानतळाच्या रेल्वे स्टेशनावर जायचं आणि तिथून एनजे ट्रान्झिट या लोकल रेल्वेची ट्रेंटनकडे जाणारी गाडी. मेट्रोपार्क, मेटचन, एडिसन या क्रमाने स्टेशनं येतात, अर्ध्या तासाचं काम. प्रत्येक गाडी एडिसनला थांबत नाही, फलकावर बघून चढा. विमानतळाच्या तिकिटात एअरट्रेनचे पैसे धरलेले असतात आणि फाटकावर ते तिकीट लागतं, टाकून देऊ नका. प्रिन्सटनवाल्यांनी प्रिन्सटन जंक्शनला उतरून छोटी गाडी घ्यायची. फिलाडेल्फियाला कमी खर्चात जायचं तर ट्रेंटनला उतरून सेप्टा या फिलाडेल्फियाच्या लोकल रेल्वेची गाडी धरा.

विचारणा

ताई, माझी आई पहिल्यांदाच एकटी येते आहे. फ्रँकफर्टला उतरून मानहाइमला यायचं आहे. विमान कंपनीकडे व्हीलचेअर सांगितली आहे. ती लोक तिला ट्रेनमध्ये बसवून देतील का?

*धरून चालू नकोस.* ती मदत साधारणपणे विमानापासून बाहेरच्या दालनापर्यंतची असते. रेल्वेची मदत वेगळी, ती रेल्वेकडे आधी नोंदवावी लागते. पण मानहाइमहून विमानतळ आयसीईने अर्ध्या तासावर आहे. तू स्वतःच जा. आईला सांगून ठेव की सामान घेतल्यावर बाहेरच्या दालनातच बसायचं, कुणी कितीही म्हणालं तरी पुढे जायचं नाही. तुझा फोन नंबर आणि पत्ता कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या पर्समध्ये ठेवायला सांग, फोन लागला नाही तर तो कागद तिथल्या कुणालाही दाखवता येतो. परतीची तिकिटं दोघींसाठी लवचीक काढ आणि आसनं आरक्षित कर. विमान कितीला उतरतं ते कळव, गाड्या आपण मिळून बघू.