‘७,५०० टक्के लाभांश’ आणि ‘साडेतीन टक्के यील्ड’: टक्के नेमके कशाचे?

प्रश्न: टीसीएसचा आजवरचा लाभांश पाहतेय. जानेवारी २०२३ मध्ये शेअरमागे ७५ रुपये, म्हणजे ७,५०० टक्के, असं लिहिलंय. त्या आर्थिक वर्षाचं यील्ड मात्र साडेतीन टक्क्यांच्या आसपास! आमच्या पतसंस्थेत १२ टक्के लाभांश म्हटलं की हजाराला १२० रुपये मिळतात, विषय संपला. मग इथे दोन वेगळे टक्के कसे? आणि यील्डला मराठीत काय म्हणायचं?

प्रतिसाद: पतसंस्थेच्या उदाहरणातच उत्तर दडलंय. पतसंस्थेचा भाग दर्शनी किमतीला, म्हणजे त्यावर नोंदलेल्या मूळ किमतीला घ्यायचा, परत केला की तेवढेच पैसे मिळतात. त्याला बाजारभाव नाही. त्यामुळे जाहीर झालेला दर आणि आपण घातलेल्या पैशांवर पडणारा दर एकच. त्यातही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ६७ नुसार निबंधकांच्या परवानगीशिवाय १५ टक्क्यांच्या वर लाभांश देता येत नाही. लाभांशाच्या टक्क्यांची ओळख आपल्यातल्या अनेकांना इथूनच होते, म्हणून ७,५०० चा आकडा डोळ्यांत भरतो.

कंपनीच्या शेअरला दोन किमती असतात. टीसीएसचं दर्शनी मूल्य १ रुपया, म्हणून ७५ रुपये म्हणजे ७,५०० टक्के. पण तो १ रुपयाचा शेअर तेव्हा बाजारात ३,३०० रुपयांच्या आसपास होता. यील्ड काढताना वर्षभराच्या लाभांशाला बाजारभावाने भागतात. २०२२-२३ चे सगळे मिळून ११५ रुपये, त्याला ३,३०० ने भागलं की साडेतीन टक्के. बातमीत दर्शनी मूल्यावरचे टक्के छापूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. ‘शेअरमागे ७५ रुपये’ एवढं पुरेसं आहे.

दुसरा प्रतिसाद: यील्डसाठी ‘परतावा’ सर्रास वापरतात, पण मला तो पटत नाही. परताव्यात भावातली वाढ-घटही धरली जाते. शिवाय प्राप्तिकराचा परतावा आहेच. ‘लाभांश उत्पन्न’ म्हटलं तर हाती आलेले रुपये समजतात, ज्यांवर एप्रिल २०२० पासून भागधारकाला स्वतः कर भरावा लागतो. त्यापेक्षा ‘उतारा’ का नको? साखर उतारा म्हणजे उसाच्या वजनावर किती टक्के साखर निघाली ते. तसाच बाजारभावावर लाभांशाचा उतारा. सातबाऱ्याच्या उताऱ्याशी गल्लत होईल असं वाटत नाही, संदर्भ पुरतो.

प्रश्न: ‘उतारा’ आवडला! पण २०२३-२४ चा एकूण लाभांश ७३ रुपयेच दिसतोय. ११५ वरून ७३ म्हणजे कंपनीने हात आखडता घेतला का?

प्रतिसाद: नाही. इथे ‘विशेष’ हा शब्द शोधायचा. जानेवारी २०२३ च्या ७५ रुपयांत ६७ रुपये विशेष लाभांश होता, नेहमीचा फक्त ८. पुढच्या वर्षी विशेष १८ रुपये. दोन्ही वर्षांतून तो वजा केला तर ४८ आणि ५५ उरतात, म्हणजे नेहमीचा लाभांश वाढलाच आहे. विशेष लाभांश दरवर्षी मिळेलच असं धरता येत नाही. पण ११५ धरून काढलेला साडेतीन टक्के उतारा पाहून कुणी शेअर घेतला, तर त्याने नकळत तेच धरलेलं असतं. ४८ धरले तर उतारा दीड टक्क्याच्या आसपास येतो.

‘अंतरिम’ आणि ‘अंतिम’कडेही लक्ष द्या. अंतरिम लाभांश, म्हणजे वर्षाचा अंतिम लाभांश ठरण्याआधी दिला जाणारा, संचालक मंडळच जाहीर करतं. अंतिम लाभांशाची मात्र ते फक्त शिफारस करतं आणि वार्षिक सभेत भागधारकांनी मंजूर केल्यावर तो जाहीर होतो. सभेला तो कमी करता येतो, वाढवता येत नाही. म्हणून सभेआधीच ‘अंतिम लाभांश जाहीर’ असं लिहिणं चूक आहे. २०२२-२३ चे अंतिम २४ रुपये भागधारकांच्या खात्यात २०२३-२४ मध्ये जमा झाले. काही तक्ते आर्थिक वर्षाप्रमाणे मांडतात, काही पैसे दिल्याच्या तारखेप्रमाणे. दोन ठिकाणच्या बेरजा जुळल्या नाहीत, तर आधी हे तपासा.