जमिनीचा मोबदला आला आणि भाऊ हाताबाहेर गेला, काय करू?

लेक_गोदाकाठची
नमस्कार मंडळी, घरचं बाहेर सांगायला लाज वाटते पण आता राहवत नाही. माझं माहेर वैजापूर तालुक्यात. रस्ता रुंदीकरणात गेल्या वर्षी आमची विहिरीजवळची सव्वा एकर गेली आणि दादांच्या (वडिलांच्या) खात्यावर 72 लाख आले. वारस म्हणून माझीही सही लागत होती, मी एक रुपया न मागता संमतीपत्र दिलं, म्हटलं धाकट्याचं भलं होईल. चौदा महिने झाले, आज 43 उरलेत. स्कॉर्पिओ आली, घराचा वरचा मजला अर्धा बांधून पडलाय, मित्रांना हातउसने किती दिले त्याचा हिशोब नाही, वाढदिवसाला चौकात फ्लेक्स आणि गावजेवण, त्यात मोबाईलवर शेअर बाजारातलं ऑप्शन ट्रेडिंग, साडेपाच लाख त्यातच गेले असं आई म्हणते. हाच पोरगा दोन वर्षांपूर्वी पहाटे साडेचारला उठून धारा काढायचा, डेअरीला दूध घालून एसटीनं कॉलेजला जायचा. आता दहाला उठतो, बीएस्सीचं शेवटचं वर्ष सोडलं, म्हशी विकल्या.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. आमच्या बांधाला लागून दीड एकर बागायत होती, शेजारचे काका आम्हालाच देणार होते, चार महिने थांबले बिचारे. हा आज बघू उद्या बघू करत राहिला आणि ती तिसऱ्यानंच घेतली. पुन्हा कुठली मिळते.

दादा 63 वर्षांचे, एकुलता एक म्हणून त्याला काही बोलत नाहीत. मी बोलले की म्हणतो, ताई तुला हिस्सा पाहिजे का. काय करू सांगा.

मेहकरचा_शेतकरी
ताई, तुझं वाचून पोटात कालवलं. आमची जमीन समृद्धी महामार्गात गेली, 2017 ला. थेट खरेदी, पैसे एकदम खात्यावर, घरात कुणी तोवर दोन लाख एकत्र बघितले नव्हते. तिघं भाऊ, तीन गाड्या. शहरात एजंटच्या शब्दावर प्लॉट घेतला, तो एनए (बिगरशेती) नव्हताच, अजून नावावर झाला नाही. उरलेले पैसे दोन टक्के व्याज जास्त म्हणून पतसंस्थेत ठेवले, ती बुडाली. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे आम्हाला बुडाल्यावर कळलं. जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, टीव्हीवर 701 किलोमीटर पूर्ण म्हणून दाखवत होते, आणि मी बटईनं घेतलेल्या दुसऱ्याच्या वावरात सोयाबीन पेरायची तयारी करत होतो. आमच्या ओट्यावर रोज पंधरा माणसं चहाला असायची, 2021 नंतर सख्खा चुलतभाऊ फिरकला नाही. तुमच्याकडे अजून 43 आहेत ताई, आमच्याकडं कुणी असं विचारणारंच नव्हतं.

हिशोबनीस_पुणे
पैसे दादांच्या नावावर आहेत ना, मग ते बाहेर जातात कसे? बहुतेक त्यांचं कार्ड आणि मोबाईल बँकिंग भावाच्या हातात असेल. आधी बँकेत अर्ज देऊन ते बंद करा, बाकी सगळं नंतर. दादा साठीच्या पुढचे आहेत, पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज 8.2 टक्के, म्हणजे दर तीन महिन्यांनी 61,500 खात्यावर. मुदत पाच वर्षं, मधेच मोडलं तर पैसे कापतात, आणि तुमच्या घरात हेच हवंय. नॉमिनी आईला करा. उरलेले 13 जमिनीसाठीच राखून ठेवा.
ट्रेडिंगचं म्हणाल तर सेबीनं (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) सप्टेंबर 2024 ला आकडे दिलेत, तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये साध्या माणसांपैकी 93 टक्के तोट्यात, सरासरी दोन लाख माणशी. हे त्याला शांतपणे दाखवा, भांडण चालू असताना नको.

माहेरवाशीण_नगर
हिस्सा पाहिजे का म्हणून आपलं तोंड बंद करतात, माझंही केलं होतं. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, 2020 ला सुप्रीम कोर्टानंही ते स्पष्ट केलं. तू सही कशावर केलीस तो कागद आधी काढ. मोबदला दादांच्या खात्यावर जमा करायला संमती देणं वेगळं आणि नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र वेगळं, वकिलाला दाखव. आणि खुशाल सांग त्याला, हो पाहिजे हिस्सा, आईच्या म्हातारपणासाठी पाहिजे.

लेक_गोदाकाठची
सगळ्यांचे खूप आभार. हिशोबनीस दादा तुमचं खरं निघालं, दादांचा नंबर भावाच्याच फोनमध्ये चालू आहे. कागद काढला, संमतीपत्रच आहे, हक्कसोड नाही. काल माहेरी आलेय. कपाटात डेअरीचं जुनं पासबुक सापडलं, दर दहा दिवसांच्या बिलाच्या नोंदी, सगळं त्याचंच अक्षर. ते घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसले, काही बोलले नाही. बराच वेळ पानं उलटत राहिला, मग म्हणाला, ताई साडेपाच नाही, नऊ गेलेत. आणि रडायला लागला. दादांना अजून सांगितलेलं नाही. सोमवारी आम्ही तिघं बँकेत जातोय, तो स्वतः येतो म्हणालाय.