मैदानाची रात्रीची नासधूस कशी थांबवावी?

प्रश्न : नागपूरच्या मानेवाडा भागातील आमच्या ले-आउटच्या (भूखंड पाडून वसवलेल्या वसाहतीच्या) मैदानावर रात्री कोणीतरी झोक्यांच्या साखळ्या तोडते, घसरगुंडीखाली बाटल्या फोडते आणि सकाळी लहान मुले त्याच काचांमधून खेळतात. काही रहिवासी फाटकाला कुलूप लावा म्हणतात. ते योग्य ठरेल का?

उत्तर १ : मैदान महानगरपालिकेचे आहे की नागपूर सुधार प्रन्यासचे (शहर विकासाचे काम पाहणाऱ्या संस्थेचे), हे आधी निश्चित करून संबंधित कार्यालयात छायाचित्रांसह लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध अधिनियम, १९८४ नुसार अशा कृत्यास ५ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, म्हणून पोलीस ठाण्यातही तक्रार नोंदवावी.

उत्तर २ : कुलूप मला मुळीच पटत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मुले सूर्य मावळल्यावरच बाहेर पडतात, त्यामुळे शिक्षा त्यांनाच होईल. त्यापेक्षा दिवे चालू राहतील याचा पाठपुरावा करावा, जेवणानंतर ज्येष्ठांनी तिथेच शतपावली घालावी आणि मोडलेले खेळणे त्वरित दुरुस्त करून घ्यावे, कारण ते तसेच पडून राहिले की इथे कोणाचेच लक्ष नाही, असा समज पसरतो.

उत्तर ३ : रात्री टोळके दिसल्यास कोणीही एकट्याने हटकू नये, ११२ क्रमांकावर कळवावे.